नकाशामागची खिडकी

सासू आजही लाल होती.

सासू म्हणजे निंबखेडच्या शाळेच्या भिंतीवरची पेटी. सरकारी कागदांत तिचं नाव ‘शालारंभ यंत्र’ असं भारदस्त होतं, पण गावाने ते नाव एका दिवसात निकालात काढलं. जी भिंतीवर बसून सगळ्यांकडे बघते, स्वतः काडीचं काम करत नाही आणि जिच्या मर्जीशिवाय घरात पान हलत नाही, तिला दुसरं काय म्हणणार, असं बेबीताई खंडारेंचं म्हणणं होतं. बेबीताई शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायच्या. त्यांना स्वतःची सासू भरपूर वर्षं पुरली होती, त्यामुळे या विषयात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

“मॅडम, आज बी लालच हाय,” बेबीताई दार किलकिलं करून म्हणाल्या. “पाणी पडलं, हवा थंड झाली, बाजूच्या गावच्या शाळा उघडून गेल्या. आपल्याच सासूले कोणता रोग झाला असन?”

मंजूषा गावंडे हॉलच्या मधोमध उभी होती. ती या शाळेची मुख्याध्यापिका, आणि दुसऱ्या शिक्षकाची जागा कित्येक वर्षं रिकामी असल्यामुळे एकमेव शिक्षिकाही. तिने कपाळावरचा घाम पुसला, तर हातालाही घाम होता. कोपऱ्यात कुलर घरघरत होता, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं, आणि तरी अंग चिकट झालं होतं. दार बंद होतं, कारण उघडं ठेवलं की शेळ्या आत येतात.

तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि तिला कारण कळलं.

त्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा कापडी नकाशा टांगलेला होता. नकाशाच्या मागे खिडकी होती. मार्चमध्ये झळा आत येऊ नयेत म्हणून तिनेच ती बंद करून फटींमध्ये पुठ्ठा कोंबला होता, आणि नुसता पुठ्ठा वाईट दिसतो म्हणून वर नकाशा टांगला होता. कुलर लावला की समोरची खिडकी उघडायची, हे अकोल्याकडच्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. नाहीतर कुलरची ओली हवा खोलीतच साठत जाते आणि खोलीचं न्हाणीघर होतं. पण तिथे खिडकी आहे हेच चार महिन्यांत सगळे विसरून गेले होते.

मंजूषाने सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं.

“यंत्र आहे, बेबीताई,” ती म्हणाली. “त्याला काहीतरी दिसत असेल.”

*

मंजूषा लहान होती तेव्हा शाळा जूनमध्ये उघडायच्या. विदर्भाच्या जरा उशिरा, कारण इथला उन्हाळा जूनमध्येही जायला तयार नसे. पण एप्रिल संपला की सगळ्यांना एकदम सुट्टी. मावशीची पोरं, आत्याची पोरं, मामाची पोरं एका घरात जमायची, भांडायची, एका ताटात जेवायची. ते कोणी आखलेलं नव्हतं. सगळ्यांची सुट्टी एकाच वेळी असते एवढ्या एकाच गोष्टीवर ते सगळं उभं होतं, आणि ती गोष्ट कोणाच्या लक्षातही आलेली नव्हती.

मग उन्हाळे वाढले. मार्चमध्ये मुलं वर्गात चक्कर येऊन पडायला लागली. आणि त्याच सुमारास मेंदूवर काम करणाऱ्या काही संशोधकांनी एक गोष्ट दाखवून दिली, ज्याने शाळेचं सगळं गणितच फिरलं.

मंजूषा ती गोष्ट मुलांना माठावरून शिकवायची. माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपला घाम तेच करतो. कुलरही तेच करतो. पण हवेतच ओल भरलेली असेल तर पाणी उडणार कुठे? मग माठ गार होत नाही, आणि माणूसही नाही. म्हणून साधं तापमान बघून काही कळत नाही. तापमापकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून जो आकडा येतो, तो खरा. त्याला ओलं तापमान म्हणतात. संशोधकांना असं आढळलं, की हे ओलं तापमान एका मर्यादेच्या वर गेलं की मूल वर्गात बसतं, मान हलवतं, उत्तरंही देतं, पण शिकवलेलं त्याच्या डोक्यात रात्रभर टिकत नाही. सकाळी पाटी कोरी. म्हणजे वर्षाचे कित्येक दिवस आपण मुलांना घाम गाळायला बसवत होतो आणि त्याला शिक्षण म्हणत होतो.

हे वाचलं तेव्हा मंजूषाला आनंद झाला होता. तिला वाटलं, चला, आपण वाईट शिकवत नव्हतो तर.

त्यानंतर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर पेटी आली. पेटीत तसंच एक ओलं टोक होतं, फक्त चिंधीऐवजी कसलीशी पातळ पट्टी. बंद शाळेत रोज दुपारी पंखे-कुलर लावून चाचणी व्हायची. पेटी सलग दोन दुपारी हिरवी राहिली की सगळ्या पालकांना निरोप पाठवायची, तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच घंटा वाजवायची, आणि त्या शाळेचं वर्ष सुरू व्हायचं. त्या शाळेचं फक्त. शेजारच्या गावाचं वर्ष त्यांची पेटी ठरवेल.

मुलं शिकू लागली, यात खोटं काही नव्हतं. निंबखेडची पोरं भागाकार विसरेनाशी झाली. वर्गात चक्कर येऊन पडणं बंद झालं. तक्रार करायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच मंजूषाला कधी कोणाकडे तक्रार करता आली नाही.

*

तिची मुलगी जुई इगतपुरीला होती, वडिलांकडे.

पराग इंगळे आणि मंजूषा वेगळे झाले तेव्हा भांडणतंटा फारसा झाला नाही. दोघंही थकले होते. मूल कोणाकडे, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर पेटीने दिलं. परागच्या वकिलाने दोन्हीकडच्या पेट्यांची आकडेवारी न्यायालयापुढे ठेवली. इगतपुरीला वर्षातले कितीतरी जास्त दिवस मूल शिकू शकतं. मूल हुशार आहे. आई स्वतः शिक्षिका आहे, तिला हे पटावं. मंजूषाला पटलं. न पटायला तिच्याकडे काही नव्हतं, ती स्वतःच हे गावोगाव पालकांना समजावत फिरली होती. मग ठरलं, शाळेचं वर्ष वडिलांकडे आणि उन्हाळ्याची सुट्टी आईकडे.

पहिली दोन वर्षं हे नीट चाललं. मग वरून निर्णय आला की थंड गावच्या शाळांनी मे महिना वाया घालवू नये. इगतपुरीची शाळा मे-जूनमध्ये भरू लागली आणि घाटातला पाऊस डोक्यावर आला, भिंतींना पाझर फुटले, की जुलैत बंद होऊ लागली. आणि निंबखेडची शाळा उघडायची जुलैत.

म्हणजे मंजूषाला सुट्टी असायची तेव्हा जुईची शाळा, आणि जुईला सुट्टी लागली की मंजूषाची शाळा. सुट्टी म्हणजे तरी काय, मास्तरांना त्या चार महिन्यांत सरकार माणसं, म्हशी आणि शौचालयं मोजायला पाठवायचं. यंदाच्या मे महिन्यात त्यातून चार दिवस काढून ती इगतपुरीला गेली होती. लॉजवर उतरली. जुई संध्याकाळी दप्तर घेऊन यायची, चाचणीचा अभ्यास करायची आणि साडेआठला पराग तिला न्यायला यायचा. मंजूषाने तिच्यासाठी आंबे नेले होते. लॉजमध्ये सुरी नव्हती. पोरीने आणि तिने ते हातानेच सोलून खाल्ले आणि पुन्हा पुस्तक उघडलं.

गेल्या वर्षी जुलैत जुई निंबखेडला आली होती. मंजूषा सकाळी जायची, संध्याकाळी यायची, आल्यावर कागद भरत बसायची. एकटी शिक्षिका, वर्षाची सुरुवात, रजा कोण देणार? जुईने दिवसभर भिंतीकडे बघून काढले आणि जाताना काही बोलली नाही. यंदा मात्र फोनवर स्पष्ट बोलली. अकरा वर्षांची पोर, वडिलांसारखी सरळ बोलायची.

“आई, तुला सुट्टी असेल तरच मी येईन. नाहीतर नको. मला तिथे खूप एकटं वाटतं.”

“अगं, यंदा बघू ना काहीतरी.”

“काय बघणार? तुझी पेटी हिरवी झाली की तू जाणारच.”

म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये नकाशाकडे बघून तिने तोंड मिटलं. तिने काहीच केलं नव्हतं. फक्त एक खिडकी उघडली नव्हती.

*

केंद्रप्रमुखांचा फोन आला. “गावंडे मॅडम, सगळ्या शाळा उघडल्या. तुमची काहून राहिली?”

“यंत्र लाल आहे, सर.”

“असं होय. मग काय, आपण काय करणार.”

इतकं सोपं होतं. यंत्र नसतं तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते, येऊन बघितलं असतं, शिव्या घातल्या असत्या. पेटी लाल म्हटल्यावर सगळ्यांचं डोकं शांत झालं. दुरुस्तीवाल्याला कळवतो म्हणाले. दुरुस्तीवाला जिल्ह्यात एकच होता आणि त्याला यायला पोळा उजाडला असता.

मंजूषाने जुईला फोन केला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. “शाळा उघडली नाही अजून. येतेस का?”

पलीकडे दप्तर कुठेतरी फेकल्याचा आवाज आला आणि “बाबा!” अशी आरोळी.

*

जुई आली आणि घर भरलं.

मंजूषाने मनात ठरवलेलं सगळं मे महिन्याचं होतं, हे तिला तेव्हा कळलं. आंबे संपले होते. कुरडया-पापड घालायला ऊन नव्हतं. गच्चीवर झोपावं तर कधी पाऊस येईल सांगता येत नव्हतं. मग त्यांनी जे होतं त्यात भागवलं. भुईमुगाच्या शेंगा भाजल्या. जुने फोटो काढले. दुपारी जमिनीवर पडून दोघी गप्पा मारत राहायच्या आणि बोलता बोलता मंजूषाला झोप लागायची. जागी झाली की जुई शेजारी असायची, वाचत किंवा नुसतीच तिच्या पदराशी चाळा करत. एका दुपारी तशी जाग आल्यावर मंजूषा हुंदके देऊन रडली. जुई घाबरली.

“काय झालं?”

“काही नाही. दमले होते गं.”

खरंच दमली होती. किती, ते तिला आता कळत होतं.

रोज दुपारी तेवढं शाळेत जाऊन चाचणी लावावी लागायची. मंजूषा एकटीच जायची, कुलर लावायची, पेटीकडे न बघता परत यायची. बेबीताई तिथे भेटल्या तर त्यांच्या तोंडात एकच प्रश्न असायचा आणि मंजूषाच्या तोंडी एकच उत्तर. शाळा बंद म्हणजे बेबीताईंची चूल बंद, हे तिला ठाऊक होतं. तेवढा विचार आला की ती चालण्याचा वेग वाढवायची.

आठवड्याने दोघी स्कूटीवरून बाजाराला निघाल्या. पाऊस उघडला होता आणि ऊन डोक्यावर चटचटत होतं. रस्त्याच्या कडेच्या वावरात बायका निंदायला वाकल्या होत्या. त्यांच्या ओळीत मधेमधे बुटकी डोकी दिसत होती. त्यातलं एक वर झालं आणि जोरजोरात हात हलवू लागलं.

“मॅडम! ओ मॅडम! शाळा कधी उघडन?”

ती पायल होती, बेबीताईंची नात, सातवीत जाणारी. हातात खुरपं, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, तोंड उन्हाने लालभडक. मंजूषाने गाडी थांबवली नाही. हात केला आणि पुढे गेली.

“आई, त्या मुलीला कळत नाही का, एवढ्या उन्हात?” मागून जुईने विचारलं. “शाळेत गरम होतं म्हणून शाळा बंद, आणि ही उन्हात काम करते.”

“शाळा बंद असली की आया पोरींना वावरात नेतात. घरी ठेवून काय करतील.”

“मग शाळेतच बरं ना.”

“हो,” मंजूषा म्हणाली. बाजारात तिने काय घेतलं ते तिला घरी येऊन पिशवी उघडल्यावर कळलं.

*

दुसऱ्या दिवशी जुईने हट्टच धरला. “तुझी सासू मला दाखव. आमच्या पेटीला कोणी नावच नाही ठेवलेलं.”

नाही म्हणायला कारण सापडेना. दुपारच्या चाचणीला दोघी गेल्या. मंजूषाने दार लावलं, कुलर सुरू केला. जुईने पेटीसमोर उभं राहून तिला हात जोडून “सासूबाई, नमस्कार” म्हटलं आणि स्वतःच खूप हसली. मग हॉलभर फिरू लागली. तक्ते वाचले, बाकांवर कोरलेली नावं वाचली. फिरता फिरता नकाशाशी आली.

“हे आपलं अकोला,” तिने उजवीकडे बोट ठेवलं. “आणि इगतपुरी... इगतपुरी कुठे गेली?”

डावीकडे शोधत शोधत तिने बोटाने नकाशा दाबला आणि बोट आत गेलं. तिने पुन्हा दाबलं. मग नकाशाची कडा उचलून मागे पाहिलं.

“आई! इथे खिडकी आहे!” ती वळली. चेहरा नुसता उजळला होता. “बंद आहे गं! पुठ्ठा कोंबलाय! म्हणूनच लाल होतेय तुझी सासू! कुलरसमोरची खिडकी उघडी ठेवायची, तूच तर सांगायचीस मला, मी लहान असताना. बेबीआजी विसरल्या वाटतं. थांब, मी...”

तिने आईकडे पाहिलं आणि तिथेच थांबली.

मंजूषा बाकावर बसली होती. तिने चेहरा सावरायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. अकरा वर्षांच्या पोरीला आईचा चेहरा वाचायला वेळ लागत नाही.

“तुला माहीत होतं?” जुईने विचारलं.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

जुई नकाशाची कडा हातात धरून उभी होती. मग तिने तो हलकेच खाली सोडला. एक सुरकुती पडली होती, ती तळहाताने नीट केली. निसटलेला पुठ्ठ्याचा कोपरा बोटाने आत सारला. खालची काठी सरळ केली आणि दोन पावलं मागे येऊन नीट दिसतंय का ते पाहिलं.

“मी कोणाला नाही सांगणार,” ती हळू आवाजात म्हणाली. “बाबांना पण नाही. माझी सुट्टी संपेपर्यंत राहू दे असंच.”

इतके दिवस मंजूषाने स्वतःला समजावलं होतं, की जे काय आहे ते आपल्या माथी, पोरीला त्यातलं काही ठाऊक नाही. आता पोर तिच्यासमोर उभी राहून तेच करत होती, आणि जास्त नीट करत होती. आईच्या प्रेमापोटी करत होती. काल वावरात पायलला पाहून हळहळली होती तीच पोर.

“जुई, तो नकाशा काढ.”

“अगं पण...”

“काढ म्हणते ना.”

“मग मी जाऊ परत?” जुईचा आवाज फाटला. “हिरवी झाली की तू परत दिवसभर जाणार. मग मी कशाला आले?”

मंजूषा उठून तिच्याजवळ गेली. “मला तू हवी होतीस. फार हवी होतीस. म्हणून मी खिडकी उघडली नाही. पण तू ती बंद करायला शिकावंस हे मला नकोय. तुझ्याकडून तर नाहीच नाही.”

जुई रडत होती. रडत रडतच तिने नकाशाची दोरी खिळ्यावरून काढली. दोघींनी पुठ्ठा उपसला. कडी गंजून घट्ट बसली होती. मंजूषाने दाराचं कुलूप आणून तिच्यावर घाव घातले, चारपाच, रागारागाने. राग कोणावर होता ते तिलाही सांगता आलं नसतं. कडी सरकली, खिडकी करकरत उघडली आणि हॉलमधली कोंदट हवा दोघींच्या अंगावरून बाहेर गेली.

निघायच्या वेळेपर्यंत सासू हिरवी झाली होती.

*

दुसऱ्या दिवशीही हिरवी. चाचणी करायला दोघी बरोबर गेल्या. हॉलमध्ये शिरल्यावर दोघींचे डोळे आधी पेटीकडे गेले. जुई म्हणाली, “मला वाटलं, लाल झाली तर तो आपला दोष नसेल.” मंजूषालाही तेच वाटलं होतं.

परागचा फोन आला. उद्या घंटा वाजणार, हे जुईनेच त्याला सांगितलं असावं. “शाळा सुरू होतेय ना तुझी? मग रविवारी येतो तिला न्यायला. उगाच एकटी पडेल ती.” त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. मंजूषा बरं म्हणाली.

आणि बेबीताई आल्या. त्यांनी उघडी खिडकी पाहिली, खाली गुंडाळून ठेवलेला नकाशा पाहिला, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“इथं खिडकी होती, नाही का! मी तं भुललीच होती. कोणाच्या ध्यानात आलं, मॅडम?”

मंजूषाला ‘जुईच्या’ म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

“माझ्या ध्यानात होतं, बेबीताई. पहिल्या दिवसापासून. मीच उघडली नाही.”

बेबीताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या जुईकडे पाहिलं.

“पोरगी आली म्हून?”

“हो.”

“माही पायल इतके दिस वावरात होती, मॅडम.” त्या एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मागच्या खोलीत गेल्या, मोठं पातेलं ओढून बाहेर काढलं आणि नळाखाली घासायला बसल्या. बराच वेळ घासत राहिल्या. मंजूषा मदतीला वाकली तेव्हा त्यांनी पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली. पेटीतून निघणारा तो आवाज फार कर्कश होता, आणि जुईने दोन्ही कानांवर हात ठेवले. गावातून पोरं धावत आली. काहींच्या अंगावर गेल्या वर्षीचा गणवेश तोकडा झाला होता. मंजूषाने जुईला घरची किल्ली दिली, डब्यात पोळी-भाजी आहे म्हणून सांगितलं, आणि मधल्या सुट्टीत धावत येते म्हणाली. गेल्या वर्षीही ती हेच सगळं म्हणाली होती. जुईने किल्ली घेतली आणि मान हलवली.

मंजूषा फळ्याकडे वळली. दिनांक लिहिला. खडू ओलसर होता, नीट उमटेना. आज सहावी-सातवीला माठ शिकवायचा की भूगोल, हेही ठरवायचं राहिलं होतं. अंगात त्राण असं नव्हतंच. रविवारी पराग येईल. पुढच्या वर्षी पुन्हा मार्च, पुन्हा झळा. पुढच्या वर्षीच्या सुट्टीचं काय, ते तिला माहीत नव्हतं आणि सासूलाही माहीत नसावं.

मागे कुजबुज झाली म्हणून ती वळली. शेवटच्या बाकावर पायल बसली होती. खुरप्याने हातांना आलेले फोड अजून वाळले नव्हते. आणि तिच्या शेजारी, किल्ली मुठीत धरून, जुई बसत होती.

पायलने तिच्यासाठी जागा केली आणि कुतूहलाने विचारलं, “तू नवीन आली काय आमच्या शाळेत?”

“नाही,” जुई म्हणाली. “मला सुट्टी आहे.”